हीटर थंड हवा मारतोय आणि मेकॅनिक म्हणतो "हीटर कोअर गेला"? बिल भरायच्या आधी वाचा

जरा लांबलचक होणारे हे, पण थंडी पडली की बऱ्याच जणांच्या गाडीला हाच त्रास सुरू होतो आणि गॅरेजवाल्यांना ते बरोबर माहीत असतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. गॅरेजचं नाव घेत नाही, कारण हा प्रकार करणारा तो एकटाच असेल असं मला अजिबात वाटत नाही.

त्रास काय तर हीटरचा नॉब पूर्ण लाल बाजूला, ब्लोअर फुल्ल, इंजिन मस्त तापलेलं आणि हवा मात्र गारेगार. अ‍ॅक्सिलरेटर दाबून रेस केलं की थोडी कोमट यायची, सिग्नलला गाडी उभी राहिली की परत गार. हे मी गॅरेजवाल्याला सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि बॉनेट उघडायच्याही आधी निकाल दिला, "ताई, गॅस संपलाय." म्हणजे एसीचा गॅस. मशीन लावलं, गॅस भरला, बिल हातात दिलं आणि हीटर होता तसाच.

आता पेट्रोल-डिझेल गाडीत हीटरचा आणि एसीच्या गॅसचा काडीचा संबंध नसतो (काही इलेक्ट्रिक गाड्यांत हीट पंप असतो, तिथे गॅस लागतो, ते वेगळं). इंजिन थंड ठेवायला जे कूलंट फिरत असतं तेच गरम कूलंट दोन पाइपांतून डॅशबोर्डच्या मागे एका छोट्या रेडिएटरमध्ये येतं, त्याला हीटर कोअर म्हणतात, आणि ब्लोअर त्याच्यावरून हवा मारतो की झाला हीटर. इंजिनची फुकटची उष्णता आहे ती. पण एसी आणि हीटरची बटणं एकाच पॅनलवर, ब्लोअर एकच, हवा पण त्याच जाळ्यांतून, त्यामुळे "गॅस संपलाय" ही थाप लगेच पटते.

परत गेले तर सूर बदललेला. "कोअर चोक झालाय, अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल, गाडी ठेवून जा." यात अर्धं खरं असतं आणि तेच वाईट आहे. बऱ्याच गाड्यांत कोअर बदलायला खरंच डॅशबोर्ड उतरवावा लागतो, पार्टपेक्षा मजुरीच जास्त होते, त्यामुळे मोठा आकडा ऐकूनही आपण मान डोलावतो. संध्याकाळी फोन आला, गाडी तयार. आणि हीटर खरोखर भाजेल इतका गरम! जुना पार्ट मागितला तर म्हणे भंगारात गेला. हीटर गरम आहे म्हटल्यावर त्यावर वाद तरी काय घालणार.

काही आठवड्यांनी परत थंड हवा. आता म्हणे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), नाहीतर कूलंट फिरवणारा वॉटर पंप, "बघू एकेक बदलून." तिथून गाडी काढली आणि दुसरीकडे नेली.

या दुसऱ्या काकांनी कशाला हात लावायच्या आधी विचारलं, रेस केल्यावर गरम हवा येते का? हो म्हटलं. मग इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबले, झाकण उघडलं, तर कूलंट बरंच कमी. त्यांनी समजावलं ते असं की बऱ्याच गाड्यांत हीटर कोअर उंचावर असतो, कूलंट कमी झालं की हवा जाऊन तिथेच अडकते, आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, पंप हळू फिरतो म्हणून कूलंट वर पोचत नाही, रेस केलं की थोडं ढकललं जातं आणि तेवढ्यापुरती ऊब येते. म्हणजे मी पहिल्याच दिवशी जे सांगितलं होतं त्यातच निम्मं उत्तर होतं.

मग त्यांनी रेडिएटरच्या तोंडाला हातपंपासारखं प्रेशर टेस्टर लावलं आणि एका होजच्या (रबरी पाइपच्या) जोडाला कूलंट पाझरताना दिसलं, आजूबाजूला वाळलेला रंगीत थर पण होता. इंजिन गरम असताना पाझरायचं आणि तिथेच वाळायचं, म्हणून गाडीखाली कधी थेंब दिसलाच नाही.

आणि कोअर? फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीपाशी, जे दोन पाइप कोअरला जातात त्यांच्या क्लिपा कंपनीच्याच होत्या, रंगाची खूण जशीच्या तशी, वर जुना मळ न हललेला. डॅशबोर्डच्या स्क्रूंवर पण तीच धूळ. कोअर बदलायचा तर ते पाइप काढल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे पहिल्याने फक्त कूलंट टॉप-अप करून हवा काढली होती, कितीसा वेळ लागतो त्याला, आणि बिल लावलं नवीन कोअरचं! लीक तसाच सोडला कारण गाडी परत येणारच होती. लीक दिसला नसेल असं म्हणायला मी तयार नाही.

वर अजून एक. काकांनी रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंटमध्ये पाणी किती ते दाखवणारं छोटं यंत्र) कूलंटचा थेंब टाकून बघितला तर बहुतेक पाणीच. निम्मं इथिलीन ग्लायकॉल निम्मं पाणी असं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, नुसतं पाणी शून्यालाच गोठतं आणि आतून गंज धरतो तो वेगळाच. बिलावर मात्र "कूलंट" असं व्यवस्थित लिहिलेलं.

राग पैशांपेक्षा या गोष्टीचा जास्त येतो की कूलंट कमी असताना गाडी पळवली तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) उडू शकतं. त्यात तापमानाचा सेन्सर कूलंटऐवजी हवेत राहिला तर डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा खालीच दिसतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

तर तुमच्या गाडीत असं झालं तर गॅरेजला जायच्या आधी घरीच थोडं बघा. इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीतली लेव्हल बघा, गरम असताना झाकणाला हात नको, आत प्रेशर असतं आणि कूलंट शंभर अंशांच्या वर असू शकतं, अंगावर उडालं तर भाजून निघाल. लेव्हल ठीक असेल तर गाडी तापल्यावर फायरवॉलपाशी असलेले ते दोन पाइप जपून चाचपा, फॅनपासून हात लांब. दोन्ही गरम आणि हवा थंड, तर कूलंट पोचतंय, गडबड गरम-थंड हवा मिसळणाऱ्या फ्लॅपची किंवा तो हलवणाऱ्या छोट्या मोटरची, डॅशबोर्डमागून टिकटिक येत असेल तर बहुतेक तिचा दाता तुटलाय. एक गरम एक गार असेल तर कोअर खरंच चोक असू शकतो किंवा आत हवा आहे, आणि तेव्हाही आधी उलट्या दिशेने फ्लश करून बघा म्हणावं, थेट डॅशबोर्ड खोलायला होकार देऊ नका. मोकळ्या रस्त्यावर काटा वर चढतच नसेल तर बहुतेक थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, स्कॅनर लावला तर पी ०१२८ (कूलंट पुरेसं तापत नाही असं सांगणारा) कोड येऊ शकतो. कोअर "लीक" आहे असं कोणी म्हटलं तर गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, पायाखालचं कार्पेट ओलं, यातलं काहीतरी दिसायला हवं, काहीच नसेल तर दाखव म्हणायचं.

लीक थांबवायची पावडर टाकतो असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. तिने हीटर कोअरच्या बारीक नळ्या बुजू शकतात, मग कोअर खरंच बदलावा लागेल. आणि जुना पार्ट परत हवाय हे गाडी देतानाच सांगून जॉब कार्डवर लिहून घ्या, नंतर मागितला की तो भंगारातच गेलेला असतो.

मी त्या क्लिपांचे आणि स्क्रूंचे फोटो घेऊन पहिल्याकडे गेले. आधी आवाज चढवला, मग पोराने चुकून दुसऱ्या गाडीचं बिल लावलं म्हणाला, शेवटी कोअरचे आणि मजुरीचे पैसे परत केले. गॅसचे नाही दिले. "ताई, गॅस तर गाडीत आहे ना तुमच्या." त्याच्यावर माझी भांडायची इच्छाच संपली. होजचा जोड बदलून घेतला, कूलंट नवीन भरलं, हीटर तेव्हापासून व्यवस्थित चालू आहे.