इबोनोइतोची लाल पट्टी : भर उन्हाळ्यातलं गार सोमेन

जुलै लागला की जपानमधल्या कोबेतल्या आमच्या सुपरमार्केटात दारातून आत शिरताच सोमेनची पाकिटं रचून ठेवलेली दिसतात. शंभर येनच्या पाकिटापासून लाकडी पेटीतल्या भेटवस्तूपर्यंत सगळं एकाच टेबलावर. यातलं नेमकं कोणतं घ्यायचं, असं इथे नव्याने आलेल्या मराठी मैत्रिणी हमखास विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : इबोनोइतो छापाचं, जुड्यांना लाल पट्टी असलेलं, तीनशे ग्रॅमचं पाकीट. आमच्याकडे ते चारशे येनच्या आसपास मिळतं.

सोमेन म्हणजे गव्हाच्या पिठाच्या अगदी बारीक नूडल्स, दिसायला आपल्या शेवयांच्या जातीच्या. उकळायच्या, गार पाण्यात धुवायच्या आणि गार त्सुयूत, म्हणजे सोया सॉसच्या पातळ रश्शात, बुडवून खायच्या. बस. इतकं साधं असल्यामुळेच नूडल्स वाईट निघाल्या तर लपवायला काही उरत नाही. वर ना भाजी, ना मसाला.

इबोनोइतो आमच्याच ह्योगो प्रांतातलं. हिमेजीच्या पुढे तात्सुनो गाव आहे, तिथून इबो नदी वाहते. त्या भागातले अनेक छोटे उत्पादक मिळून एका सहकारी संघाच्या छापाखाली हे सोमेन विकतात. (तात्सुनो फिक्या रंगाच्या सोया सॉससाठीही प्रसिद्ध आहे, म्हणजे नूडल्स आणि त्यांचं बुडवण एकाच गावचं.) हिमेजीहून किशिन लाइनने हिगाशी-हाशिसाकीला उतरलं की जवळच त्यांचं 'सोमेन नो सातो' नावाचं संग्रहालय आहे. ओढून लांब केलेल्या नूडल्स उंच दांड्यांवरून पडद्यासारख्या सोडलेल्या तिथे बघायला मिळतात. शनिवार-रविवारी लेकरांना घेऊन जायला छान.

या पडद्यातच किमतीचं कारण आहे. स्वस्त सोमेनचं पीठ यंत्रात लाटतात आणि कापतात. हे मात्र वळतात, ओढतात, मुरू देतात, पुन्हा ओढतात. मध्ये वरून तेलाचा हात फिरवतात, म्हणजे सुकून चिकटत नाही. ओढल्यामुळे पिठातला चिकटपणा लांबीच्या दिशेने धाग्यासारखा बसतो, आणि नूडल उकळल्यावरही दाताला जाणवते. कापलेल्या सोमेनला हे जमत नाही. ते पाच मिनिटं ताटात राहिलं की मऊ पडतं.

पाकिटात पन्नास ग्रॅमच्या सहा जुड्या असतात, प्रत्येक जुडीला कागदाची पट्टी. लाल पट्टीची नूडल ०.७ ते ०.९ मिलिमीटर जाड, एका जुडीत साधारण चारशे. काळ्या पट्टीची त्याहून बारीक, ०.६५ ते ०.७, म्हणून जुडीत साधारण ४८० बसतात. काळी पट्टी फक्त कडक थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत बनते आणि महाग असते. पाहुण्यांना द्यायला काळी घ्या. रोजच्या जेवणाला मला लालच आवडते, कारण जराशी जाड असल्याने त्सुयू नीट धरते आणि ताटात जास्त वेळ तग धरते. माझी लेक चॉपस्टिकने एकेक नूडल मोजत जेवते, तिच्या वेगाला काळी पट्टी पुरत नाही.

आता करायचं कसं. मोठ्ठं पातेलं घ्या. दोन जुड्यांना, म्हणजे एका मोठ्या माणसाच्या जेवणाला, निदान एक लिटर पाणी. पाण्यात मीठ अजिबात घालायचं नाही. पिठातच ते भरपूर असतं आणि बरंचसं उकळताना पाण्यात उतरतं. पाणी खळखळलं की पट्ट्या काढून जुड्या मोकळ्या सोडायच्या, एकदा ढवळायचं आणि दीड ते दोन मिनिटांत गॅस बंद. फेस वर आला तर आच कमी करा. जुन्या बायका वरून गार पाणी ओततात, पण त्याने पाणी थंडावतं आणि नूडल गिजगिजीत होते. आच कमी-जास्त करता येणाऱ्या शेगडीवर त्याची गरजच नाही. पाण्यात एक उमेबोशी (खारवलेलं आंबट जपानी फळ) टाकायची युक्ती मात्र खरी आहे. आंबटपणामुळे नूडल कमी विरघळते आणि ताठ राहते.

खरं काम पुढे आहे, आणि पुष्कळ लोक नेमके तिथेच घाई करतात. नूडल्स चाळणीत ओतल्या की लगेच नळाखाली धरायच्या. हात घालता येईल इतक्या निवल्या की दोन्ही हातांनी चोळायच्या. नुसतं पाणी फिरवून भागत नाही, मुठीत धरून एकमेकींवर घासायच्या. सुरुवातीला पाणी पांढुरकं निघतं आणि बोटांना बुळबुळीत लागतं. हे वरचं पिठूळ आणि ते ओढताना लावलेलं तेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि नूडल बोटांना करकरीत लागेपर्यंत सोडायचं नाही. हे तेल राहिलं तर खाताना मागे एक जुनाट वास येतो, आणि लोक दोष नूडल्सना देतात. हाताने ओढलेली नूडल एवढं चोळूनही तुटत नाही. लाल पट्टीचे पैसे माझ्या मते इथेच वसूल होतात.

शेवटी एकदा बर्फाच्या पाण्यातून काढा, पण त्यात ठेवून देऊ नका. हॉटेलात काचेच्या भांड्यात बर्फ, पाणी आणि नूडल्स असं तरंगतं वाढतात. फोटोत सुरेख दिसतं, पण प्रत्येक घासाबरोबर पाणी त्सुयूत येतं आणि शेवटचे घास अगदी मिळमिळीत लागतात. मी चाळणीवर एकेका घासाची गुंडाळी करून ठेवते.

त्सुयूचं मात्र शाकाहारी मंडळींनी जपून. बाटलीतल्या जवळपास प्रत्येक मेनत्सुयूत (नूडल्सच्या तयार त्सुयूत) कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेला मासा असतो. बाटलीवर भाज्यांचं चित्र असलं तरी मागची घटकांची यादी वाचाच. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या, त्या पक्क्या शाकाहारी. त्यांच्यासाठी मी घरीच करायला लागले आणि आता बाटली आणतच नाही. अर्धा लिटर पाण्यात बोटभर लांबीचे कोंबूचे (सुक्या समुद्री शेवाळाचे) दोन तुकडे आणि तीन-चार सुके शिताके मशरूम रात्रभर फ्रिजमध्ये भिजत घालायचे. सकाळी मंद आचेवर ठेवून उकळी यायच्या आत कोंबू काढून टाकायचा, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. मग शंभर मिलिलिटर मिरीन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू) घालून चांगली उकळी आणायची. मिरीनमधली दारू बहुतेक उडून जाते. त्यावर शंभर मिलिलिटर सोया सॉस, पुन्हा एक उकळी, आणि फ्रिजमध्ये. नूडल्सइतकीच त्सुयूही कडक गार हवी. भिजलेले शिताके बारीक चिरून त्यातच राहू द्या.

सासूबाईंनी ताट पुढे येताच विचारलं, "अगं, नुसत्या गार शेवया काय खायच्या?" मी किसलेलं आलं, कांद्याची पात, भाजलेले तीळ आणि शिसोची पानं पुढे ठेवली. त्यांनी शिसो बाजूला सारला (त्यांना ओव्यासारखा उग्र लागला), आलं मात्र दुप्पट घेतलं, आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना काही बोलल्या नाहीत. म्योगा (आल्याच्या जातीच्या झाडाच्या कळ्या) सगळ्यांना आवडेलच असं नाही. मला त्याशिवाय चैन पडत नाही. वासाबीपेक्षा मी आलंच सुचवीन.

तक्रार करायचीच तर एक आहे : एवढ्याने पोट भरत नाही. शंभर ग्रॅम सोमेन खाऊन दुपारी चारला पुन्हा भूक लागते. सोबत तळलेली वांगी, तोफू किंवा अंड्याच्या पातळ पोळीच्या पट्ट्या हव्याच. नूडल्स उरल्या तर गार खायला परत काढू नका, गोळा होतो. ओकिनावात सोमेन तेलावर परतून खातात, तसं कोबी-गाजर घालून परता. मी मोहरी आणि हिरवी मिरचीही घालते.

आणि उघडलेलं पाकीट मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका. सोमेन वास चटकन धरतं आणि तो धुऊनही जात नाही. आमच्याकडे ते घट्ट झाकणाच्या डब्यात, काचेच्या भांड्यांच्या कपाटात असतं.