गेटवेजवळ भेटलेला 'गाववाला' आणि दहा हजारांचं जेवण

सांगली-मिरजेहून महालक्ष्मीनं मुंबईला उतरणारी बहुतेक कुटुंबं दवाखान्याचं, परीक्षेचं, कागदपत्रांचं काम उरकलं की कुलाब्याला जातातच. गेटवे, ताज, कॉजवेवरची खरेदी, आणि दुपारी भूक लागली की एकच प्रश्न: इथं मासे चांगले कुठं मिळतील? त्या प्रश्नाची वाट बघत माणसं तिथं उभी असतात. त्यांच्यातल्याच एकानं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला गाठलं. पुढं काय झालं ते सगळं लिहिते आहे, कारण सुट्टी असो वा आजारपण, आपल्याकडची माणसं त्या भागात सतत जात असतात.

आम्ही पाच जण होतो. मामा म्हणजे माझे सासरे, आत्या म्हणजे सासूबाई, नवरा, मुलगा आणि मी. शाळा सुरू व्हायच्या आधी मुलाला एलिफंटा दाखवायचं ठरलं होतं, पण समुद्र खवळलेला म्हणून लाँच बंद होती. गेटवेच्या कट्ट्याजवळ आता कुठं जायचं हे आमचं बोलणं चाललेलं असताना चाळिशीतला एक माणूस जवळ आला.

"काय पावनं, सांगलीकडचं का?"

मुंबईच्या गर्दीत आपली भाषा कानावर पडली की कसं वाटतं ते वेगळं सांगायला नको. आत्यांचा चेहरा खुलला. माणूस म्हणाला, मी तासगावचा. द्राक्षबागा, बेदाणा, यंदाचा पाऊस, सगळं बोलला. मामांनी सहज विचारलं, "रथोत्सवाला येत असाल की गावाकडं?" तो म्हणाला, "येतो की, दर दिवाळीला." तासगावच्या गणपतीचा रथ भाद्रपदात निघतो, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. हे तासगावच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मामांच्या कपाळावर आठी पडलेली मी पाहिली, पण ओळख सांगत आलेल्या माणसाला तोंडावर खोटं पाडायची आपल्याकडं रीत नाही. आणि ही माणसं नेमकी आपल्या त्याच रीतीवर हात मारतात.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. नंतर साताऱ्याचे एक टॅक्सीवाले भेटले, त्यांनी सांगितलं की ही माणसं गाव बघून गाव सांगतात. बायकांची नेसण, पिशवीवरचं दुकानाचं नाव, बोलण्यातलं 'हाय' आणि 'न्हाय' ऐकलं की ती कोल्हापूरची होतात नाहीतर सोलापूरची. माणूस हॉटेलात नेऊन बसवला की बिलावर कमिशन ठरलेलं. आपली बोली हे त्यांचं धंद्याचं हत्यार झालंय. पैसा गेला तर परत मिळवता येतो, पण आत्या आता परगावी कुणी 'पावनं' म्हटलं की पदर सावरून दोन पावलं मागं सरकतात. त्याची भरपाई कोण करणार?

त्यानं आम्हाला कॉजवेच्या मागच्या एका गल्लीतल्या हॉटेलात नेलं. हॉटेलचं नाव इथं लिहीत नाही, कारण तक्रार सुरू आहे. "आज पहाटेच ससून डॉकवरनं आलेलं पापलेट हाय," एवढं सांगून तो दारातच थांबला. वेटरनं बर्फावर मांडलेल्या माशांचा ट्रे आणला. चंदेरी, चपटं, टवटवीत पापलेट आणि एक सुरमई. मेनूकार्डावर 'पापलेट तवा फ्राय' समोर ३९० आणि 'सुरमई फ्राय' समोर ३२० छापलेलं. वेटर म्हणाला, "घरच्यासारखं जेवा, मोठा बघून करतो." ट्रे आत गेला. वजन आमच्यासमोर झालं नाही, आणि ३९० हा आकडा कशाचा, हे कुणी सांगितलं नाही. कार्डाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: मासळीचे दर प्रति १०० ग्रॅम.

ताटं आली. मसाला भरपूर, तुकडे लालभडक, डोकं कुठंच नाही. मामांनी दोन घास खाल्ले. आत्यांनी तुकडा मोडला, बोटांनी चाचपला आणि ताटाच्या कडेला बारीक काटे मांडत गेल्या. टोकाला दुफाटा असलेले, केसासारखे, मांसात रुतलेले. "हे पापलेट न्हवं," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यो रूपचंद हाय."

आत्यांचं आयुष्य कृष्णाकाठी गेलंय. वाम, मरळ, कटला, रोहू त्यांनी हातानं साफ केलेत, आणि तळ्यातला रूपचंद तर आता आपल्याकडं दर आठवडी बाजारात असतो. मूळचा हा दक्षिण अमेरिकेतला पाकू, गोड्या पाण्यात झपाट्यानं वाढतो, म्हणून शेततळ्यांत सोडतात. आकार पापलेटसारखाच चपटा, त्यामुळं कापून मसाला लावला की वरून फरक कळत नाही. काट्यात मात्र कळतो. पापलेटला मधला एक काटा असतो, दोन्ही बाजूंचं मांस अलगद सुटून येतं, म्हणून तर लहान मुलांना तो देतात. रूपचंदाच्या मांसात आडवे बारीक काटे असतात. आणि डोकं असेल तर प्रश्नच नाही, कारण रूपचंदाला माणसासारखे दात असतात. ज्या पापलेटला महाराष्ट्रानं २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर केलं, त्याच्या नावावर शेततळ्यातला मासा समुद्राच्या काठावर विकतात!

मग बिल आलं. छापील नव्हे, एस्टिमेटच्या वहीतला फाडलेला कागद. पापलेट सव्वा किलो, ४,८७५ रुपये. सुरमई नऊशे ग्रॅम, २,८८०. भाकरी, भात, सोलकढी मिळून ९४०. पाण्याच्या बाटल्या २४०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि सर्व्हिस चार्जसकट सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण १०,३२० रुपये. कागदावर ना जीएसटी क्रमांक, ना अन्न परवान्याचा क्रमांक.

नवऱ्यानं वजन विचारलं तेव्हा काउंटरवरचा माणूस कार्डाचं शेवटचं पान उलटून दाखवत राहिला. रूपचंदाचा विषय काढला तर "तुम्ही कधी पापलेट खाल्लंय का?" असं म्हणाला, तेही मामांच्या वयाच्या माणसाकडं बघून. तोवर दारात दोघं जण येऊन उभे राहिले. हात कुणी लावला नाही, पण मुलगा माझ्या ओढणीला धरून होता. कार्डाचं मशीन बंद आहे म्हणाले. रोख द्या नाहीतर क्यूआर स्कॅन करा. क्यूआर स्कॅन केल्यावर हॉटेलचं नाव आलं नाही, कुणा खासगी व्यक्तीचं आलं. पैसे भरण्याआधी मी त्या कागदाचा, मेनूकार्डाच्या दोन्ही पानांचा आणि ताटातल्या काट्यांचा फोटो काढून ठेवला. पक्कं बिल मागितलं, मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या बाजारात एका कोळीण मावशींना आत्यांनी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगो बाय, आता बंदी नाय काय? बोटी किनाऱ्याला लागल्यान." महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. छोट्या, बिगरयांत्रिक होड्यांना सूट असते, पण त्यांनी आणलेला मासा कितीसा? १८७५ मध्ये बांधलेलं ससून डॉक मुंबईला मासे पुरवतं, पण जूनमध्ये तिथं पहाटे मोठ्या बोटींचा माल उतरतच नाही. म्हणजे 'आज पहाटेचं' हेही खोटंच होतं. आपण घाटावरची माणसं, आपल्याला हे तारखेनिशी ठाऊक नसतं. सांगली-साताऱ्यातून पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत जाणाऱ्यांनी या दोन तारखा पक्क्या लक्षात ठेवा. त्या दिवसांत हॉटेलात मिळणारा मासा बहुतेक करून शीतगृहातला असतो. तो वाईट असतोच असं नाही, पण ताज्याचा भाव त्याला द्यायचा नाही.

माशाचा भाव आकारावर किंवा वजनावर लावणं यात मुळात काही गैर नाही. फोर्टमधल्या नावाजलेल्या मंगळुरी हॉटेलांतही खेकडा, पापलेट, लॉबस्टर असेच विकतात. पण चांगल्या ठिकाणी वेटर मासा दाखवतो, वजन सांगतो, पूर्ण माशाचे किती रुपये होतील ते सांगतो आणि तुम्ही हो म्हटल्यावरच तो आत जातो. तेव्हा विचारायचं ते एवढंच: "हा समोरचा मासा, शिजवून, सगळा मिळून कितीला?" आकडा ऐका, जमल्यास ऑर्डरच्या कागदावर लिहायला लावा. आणि मासा डोक्यासकट आणायला सांगा. डोकं बघितलं की आत्यांसारखी पारख नसली तरी दात दिसतातच.

सर्व्हिस चार्जबद्दल स्पष्ट लिहिते, कारण यावर लोक दबतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: हॉटेलनं तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही, आणि न दिल्यास जेवण नाकारायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला या सूचना कायम ठेवल्या. जीएसटी साध्या हॉटेलात पाच टक्के असतो आणि तो घेणाऱ्याचा पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक बिलावर असावाच लागतो, महाराष्ट्रात त्याची सुरुवात २७ नं होते. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव येतं. क्रमांक नसेल तर कर मागायचा अधिकारच नाही. दारूवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट वेगळा असतो, म्हणून बिअरसकट सगळ्या बिलावर जीएसटी लावला असेल तर तो खोटा. बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून मात्र भांडू नका. बसून खाण्याच्या हॉटेलाला ते घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच सांगितलंय. साधं पाणी मागायचं.

सांगली-मिरजेची जी पोरं नोकरीला मुंबईत एकटी राहतात त्यांना एक वेगळी सूचना. मोबाइलवरच्या ॲपवर ओळख झालेली मुलगी पहिल्याच भेटीत ठरावीक बारचंच नाव सांगत असेल तर जाऊ नका. ती महागडी पेयं मागवते, निघून जाते आणि हजारोंचं बिल पोराच्या हातात येतं. हे प्रकार वर्तमानपत्रांत येऊन गेलेत. फेसबुकवर 'एका थाळीवर एक थाळी फुकट' अशी जाहिरात दाखवून कार्डाचा नंबर मागणारेही असतात. त्यात पैसे गेले तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

त्या प्रकारानंतर आम्ही मुंबईत उपाशी राहिलो नाही. सीएसएमटीसमोर आरामचा वडापाव खाल्ला, पेरिन नरिमन स्ट्रीटवर पंचम पुरीवाल्याकडं पुरीभाजी. दोन्हीकडं भाव डोळ्यासमोर, पैसे दिले की विषय संपला. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ पासूनचं पारशी हॉटेल आहे, तिथला बेरी पुलाव मामांना इतका आवडला की कालचं विसरले असं निदान म्हणाले तरी. ते मुख्यतः दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे, तेव्हा वेळेवर जा. या जागांपैकी एकाही ठिकाणी आम्हाला दारातून कुणी ओढून नेलं नव्हतं.

सांगलीला परत आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला. मराठीत बोलता येतं. कागदाचा फोटो आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक दिला. पैसे खासगी नावावर गेले होते, पण तोच आता आमचा पुरावा झाला, कारण तारीख, वेळ आणि रक्कम बँकेत नोंदलेली आहे. हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आणि जीएसटीचे पैसे परत केले, माशाबद्दल मात्र हात वर केले. म्हणून आता ग्राहक आयोगाकडं जातोय, तेही इथंच, सांगलीत. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. कुलाब्याच्या त्या गल्ल्यांत असंच एस्टिमेटच्या वहीतलं बिल कुणाला मिळालं असेल तर ते फेकू नका. जपून ठेवा, फोटो काढा आणि १९१५ ला कळवा.