हात लावला आणि गाडी मिसिंग मारायला लागली: स्वतः बघू, गॅरेजला नेऊ की कंपनीत?

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात प्लग बदलले, नवा एअर फिल्टर टाकला, चावी फिरवली आणि इंजिन थरथरायला लागलं. हेच मिसिंग: एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. डॅशबोर्डवर पिवळा चेक लाइट. पहिला हात जातो फोनकडे, गॅरेजवाल्याला बोलवायला. माझं म्हणणं, आधी एक तास स्वतःला द्या. सकाळपर्यंत बरी चालणारी गाडी दुपारी बिघडली, तर दोष बहुतेक वेळा आपला हात जिथे लागला तिथेच असतो. आणि हात कुठे कुठे लागला हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. मेकॅनिकला ते शोधावं लागतं आणि त्या शोधाचे पैसे तुम्ही भरता.

माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या तिसऱ्या कॉइलचा कपलर, म्हणजे वायरीचा जोड, दिसायला चोख बसलेला. बोटाने हलकेच मागे ओढला तर सुटून हातात आला. नीट बसताना तो 'कट्' असा वाजतो, तो आवाज आलाच नव्हता. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड होता पी०३०३. यातला शेवटचा आकडा म्हणजे मिसिंग मारणारा सिलिंडर. कपलर दाबून बसवला आणि इंजिन शांत झालं.

असा ब्लूटूथ स्कॅनर लॅमिंग्टन रोडला हजार-दीड हजाराच्या आत मिळतो आणि स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लागतो. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढा, कारण कोडबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंदही पुसली जाते आणि पुढच्या मेकॅनिकला तीच हवी असते. पी०१७१ आला, तर इंधनाच्या मानाने मिश्रणात हवा जास्त आहे. मग फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा, तिथून थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) जाणारा होज आणि त्याचा क्लॅम्प, बारीक व्हॅक्यूम पाइप, सगळं बोटांनी चाचपा. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिकही पुरती बसली आहे ना, बघा. बॅटरी काढली असेल किंवा थ्रॉटल बॉडी साफ केली असेल, तर आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग, थोडा वेळ वरखाली होऊ शकतं. काही गाड्या चालवता चालवता स्वतःच जुळवून घेतात, काहींना स्कॅनरने ते पुन्हा शिकवावं लागतं.

दोन बाबतींत मात्र हा तास घेऊ नका. चेक लाइट लुकलुकत असेल, तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतंय. कपलर सुटलाय का एवढं इंजिन बंद ठेवून बघा, नसेल तर गाडी चालवत कुठेही नेऊ नका. आणि ऑइल बदलल्यावर ऑइलचा लाल दिवा विझला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, तर काही मिनिटांत सगळं ऑइल जमिनीवर येतं. अशा वेळी टोचन मागवा, त्या पैशांचा विचार करू नका.

आता गॅरेज की कंपनीचं सर्व्हिस सेंटर? गल्लीतल्या चांगल्या मेकॅनिकची ताकद त्याच्या हातात आणि ओळखीत असते. कपलरचं लॉक तुटलं, तर तो कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून तेवढाच कपलर शोधून आणेल. कंपनीत मात्र पुष्कळदा पूर्ण पार्टचं बिल हातात पडतं. गल्लीतल्या मेकॅनिकची कमजोरी म्हणजे अंदाज. 'कॉइल गेली साहेब' असं तो म्हणाला, तर त्याला सांगा, तिसरी कॉइल दुसऱ्यावर लावून दाखव. कोड पी०३०२ झाला तर कॉइल खरंच गेली. पी०३०३ च राहिला तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टर. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी आधीच नवी कॉइल विकत घेऊ नका.

प्लग वाकडा जाऊन हेडचे (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) आटे खराब झाले असतील, तर घरी जोर अजिबात करू नका. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. आटे बसवून देणारा माणूस माहीत असलेलं गॅरेजच इथे कामाचं.

कंपनीत जायचं ते मुख्यतः दोन कारणांनी: गाडी वॉरंटीत आहे, किंवा बिघाड सॉफ्टवेअरचा आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) गाड्यांत सेन्सर वाढलेत, आणि त्या मॉडेलचा पूर्ण स्कॅनर सगळ्या गॅरेजांत नसतो. तिथे गेल्यावर आपण काय उघडलं होतं ते खरं सांगा. लपवलं तर तेच लोक दोन दिवस भलतीकडे शोधत बसतात.

मुंबईत आणखी एक शक्यता धरायलाच हवी, ती म्हणजे उंदीर. पावसाळ्यात ते कोरड्या जागेसाठी बोनेटखाली शिरतात आणि वायर कुरतडतात. दोष तुमच्या कामाचा नसूही शकतो. बॅटरीच्या ट्रेपाशी लेंड्या दिसतात का, बोनेटच्या आतलं अस्तर फाडलंय का, बघा. एक-दोन साध्या वायरी तुटल्या असतील, तर गॅरेजचा इलेक्ट्रिशियन सोल्डर करून वर स्लीव्ह चढवून देतो. कंपनीत अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, बदलायला सांगण्याची शक्यता मोठी. इथे मी डोळे मिटून इलेक्ट्रिशियनकडे जाईन. एअरबॅगच्या वायरी तेवढ्या अपवाद.

सीएनजीवाल्यांनी गाडी पेट्रोलवर टाकून बघावी. पेट्रोलवर गुळगुळीत आणि गॅसवर मिसिंग, तर आधी प्लगचा गॅप आणि कॉइल तपासा, कारण सीएनजी पेटवायला ठिणगी जोरदार लागते. तेवढं घरी होतं. गॅसच्या पाइपला, रेग्युलेटरला मात्र पाना लावायचा नाही. गॅसच्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाब असतो. फॅक्टरी किट असेल तर कंपनी, बाहेरून बसवलेलं असेल तर परवानाधारक फिटर. गॅसचा वास येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि गाडी बेसमेंटमध्ये असेल तर चावी न फिरवता चार माणसं लावून ती उघड्यावर ढकलत आणा.