सात महिने एका महापंडितासोबत : वापरानंतरचा अनुभव

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक अक्षरं मोठी करता येतात म्हणून.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी अर्धा तास बोलतो. विषय जुन्या आपत्ती : पूर, भूकंप, बुडालेल्या बोटी. (सौ. म्हणते, या वयात दुसरं काही सुचत नाही का? नाही सुचत.) पुतण्याने फोनवर एक ॲप घालून दिलं, वर्षाची वर्गणीही त्यानेच भरली. आपण मराठीत प्रश्न विचारायचा, आत बसलेला ‘इतिहासतज्ज्ञ’ उत्तर देतो. नाव लिहीत नाही. असली ॲप आता पैशाला पासरी झाली आहेत, आणि पुतण्याला वाईट वाटेल.

प्रश्न कितीही साधा असो, उत्तराची सुरुवात ‘जिज्ञासू महोदय, आपला प्रश्न वरकरणी सुलभ भासला तरी’ अशीच. कोयनेचा भूकंप किती वाजता झाला एवढं विचारलं, तर स्वारी पृथ्वीच्या उत्पत्तीपासून निघाली आणि पाचव्या परिच्छेदात पहाटे ४ वाजून २१ मिनिटांवर पोचली. तारीख ११ डिसेंबर १९६७, तीही बरोबर. त्या दिवशी मी वहीत शाईने लिहून घेतलं आणि निर्धास्त झालो.

मग पानशेत आलं. मी नारायण पेठेत वाढलो. १२ जुलै १९६१ला नऊ वर्षांचा होतो, बुधवार होता. महापंडितांचं उत्तर असं की ‘पुणे शहरातील अभूतपूर्व अतिवृष्टीमुळे मध्यरात्री मुठेस महापूर आला’. अहो, पाऊस होताच, पण पुणं बुडालं ते धरण फुटून. पानशेतचं मातीचं धरण, काम पुरं व्हायच्या आत पाणी साठवलेलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी सातच्या सुमाराला ते गेलं. पुढे त्या लोंढ्याने खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फोडलं. पेठांत पाणी चढलं ते दिवसाढवळ्या. लोक पर्वतीकडे पळाले, आम्हीही. हे सगळं मध्यरात्री झालं असतं, तर किती घरं झोपेतच गेली असती याचा हिशेब करवत नाही. नंतर नळ कोरडे, कारण खडकवासलाच रिकामं. ज्या वाड्यांनी आड बुजवले नव्हते त्यांच्या दारात कळश्यांची रांग. मी हे सगळं अंगठ्याने टाइप करून कळवलं. (पाऊण तास लागला.) उत्तर आलं : ‘वैयक्तिक स्मृती ही इतिहासाची विश्वसनीय साधने नव्हेत, महोदय.’

मी हट्टाला पेटलो. तिसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणतो, ‘आपले म्हणणे यथार्थ आहे, आणि मी हेच प्रतिपादन केले होते.’ चूक आपली नव्हतीच, असं म्हणत माघार घेणारा माणूस सोसायटीच्या सभेत पाहिला होता, फोनमध्ये पहिल्यांदाच पाहिला.

खरी नाचक्की झाली एप्रिलमध्ये. विषय होता १४ एप्रिल १९४४चा मुंबई गोदीतला स्फोट. महापंडितांनी छातीठोक सांगितलं, जपानी पाणबुडीने बोट उडवली. मी तसंच बोललो. मागच्या रांगेत मुंबईच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसतात, ते उठले. म्हणाले, साहेब, जपान्यांची अफवा त्या दिवशीही उठली होती, तुम्ही ऐंशी वर्षांनी पुन्हा उठवू नका. मग त्यांनीच सगळं सांगितलं. फोर्ट स्टिकीन नावाची बोट, व्हिक्टोरिया गोदीत उभी. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि त्यांच्या वर-खाली कापसाच्या गासड्या. शिवाय सोन्याच्या विटा. आग आधी कापसाला लागली. ६६ अग्निशमन जवान गेले, म्हणून दर १४ एप्रिलला देशभर त्यांना मानवंदना देतात. हे त्यांनी बसता बसता, पाणी मागावं तशा आवाजात सांगितलं. मी पाणी प्यायलो.

तेव्हापासून वहीत पेन्सिल.

पण सगळ्यात मासलेवाईक प्रकरण ६ जून १८८२चं. ‘मुंबईवरील महाचक्रीवादळ, एक लाखाहून अधिक बळी.’ मी हुरळलोच, भाषणाचा मथळासुद्धा ठरवला. रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. १८८१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास. म्हणजे आठातला एक माणूस एका दिवसात गेला? आणि त्याची गावात आठवण नाही, एक पोवाडा माझ्या कानावर नाही? त्यानंतर पंधरा वर्षांत प्लेग आला, त्याच्या गोष्टी आजीकडून पाठ आहेत. कुलाब्याच्या वेधशाळेत तेव्हा हवामानाच्या नोंदी ठेवत होते, आणि त्यांत असं वादळच नाही. अभ्यासकांनी हे केव्हाच तपासलंय. या यादीतून त्या यादीत उतरवलेली ती एक भाकडकथा. हे सगळं समोर ठेवल्यावर महापंडित म्हणाले, ब्रिटिशांनी नोंदी दडपल्या. पुरावा नाही हाच पुरावा!

रामदास बोटीचे बळी तीनदा विचारले, तीन आकडे आले, तिन्ही ‘निर्विवाद’. इटलीतल्या वायोंतचं धरण त्याने फोडून टाकलं. ते आजही उभं आहे. ९ ऑक्टोबर १९६३च्या रात्री फुटलं नाही, डोंगराचा कडा जलाशयात घसरला आणि उसळलेली लाट भिंतीवरून खालच्या गावांवर गेली, सुमारे दोन हजार माणसं गेली. पानशेतच्या माणसाला हा फरक चटकन कळतो.

न्यायाने सांगायचं तर किल्लारीचं उत्तर उत्तम होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जन करून दमलेली गावं. धक्का कोयनेच्याच तोडीचा, मग माणसं इतकी का गेली? जाड दगडी भिंती, आत नुसती माती, वर मातीचं जड माळवद, आणि सगळे घरात झोपलेले. हे त्याने इतकं नीट उलगडलं की सभागृहात खोकलासुद्धा आला नाही. पडताळून पाहिलं, बरोबर निघालं. एकूण ‘का झालं’ विचारलं तर बरा बोलतो. ‘कधी, किती, कोणी’ विचारलं की सांभाळा. आणि खरं सांगताना नि थाप मारताना त्याचा आवाज तसूभरही बदलत नाही, तेव्हा सुरावरून काही ओळखायला जाऊ नका.

घ्यावं का? आकडा पडताळून घ्यायला घरात पुस्तकं असतील आणि वेळ रिकामा असेल तर घ्या. शाळकरी नातवंडांच्या हाती देऊ नका.

संघात आता नवीन प्रथा पडली आहे. भाषणाआधी मी महापंडितांचं उत्तर वाचून दाखवतो आणि चूक पकडणाऱ्याला चहा. गेले दोन महिने चहा अग्निशमनवालेच पीत आहेत. पुढच्या शनिवारी माळीण आहे.