पिरानेसीचे रोम की बोसिओची भुयारे?

प्राचीन रोम आणि आरंभीचे ख्रिस्ती या विषयावरचे एखादे अस्सल मुद्राचित्र (कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेले चित्र) घ्यायचे मनात असेल, तर दोन संग्रहांचा विचार आधी करावा: जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) याने अम्लरेखनाने, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने रेषा कोरून, केलेली रोमची दृश्ये, आणि भुयारांचा अभ्यासक अंतोनिओ बोसिओ याच्या ‘रोमा सोत्तेर्रानेआ’ (भूमिगत रोम) या ग्रंथातील भूमिगत दफनभूमींची ताम्रपटावरून छापलेली चित्रे.

पिरानेसीच्या ‘वेदूते दी रोमा’ मालेत १३५ चित्रे आहेत. छायाप्रकाशातील त्यांचे बळ असामान्य आहे. पण त्यात दिसतात ते प्राचीन रोमचे अवशेष, आणि त्यांभोवती वावरणारी माणसे मात्र पिरानेसीच्या स्वतःच्या शतकातली आहेत. रोमन जीवन पाहायचे असणाऱ्याने ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. चित्रकार बार्तोलोमेओ पिनेल्लीची १८१८–१९ मधील ‘इस्तोरिया रोमाना’ (रोमचा इतिहास) ही चित्रमाला प्राचीन काळची माणसे दाखवते, पण ती बहुतेक इतिहासातले वीर म्हणून. घरातला दिनक्रम तिथेही फारसा नाही.

पिरानेसीचे तांब्याचे पत्रे त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ छापले गेले, आधी रोममध्ये, मग पॅरिसमध्ये आणि पुन्हा रोममध्ये. म्हणून ‘पिरानेसी’ एवढे नाव पुरेसे नाही. छाप कोणत्या काळातली हे किमतीपेक्षाही आधी विचारावे. उशिराच्या छापेत झिजलेल्या रेषा करड्या आणि विरळ दिसतात, तर सुरुवातीच्या छापेत सावलीतला काळा रंग दाट असतो. भिंग लावल्यावर रेषेऐवजी एकसारखे ठिपके दिसले, तर ती छायाचित्रावरून केलेली नक्कल समजावी.

बोसिओचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. १५७८ साली रोमच्या सालारिया रस्त्यालगत एक दफनभूमी अकस्मात उघडी पडली, आणि १५९३ पासून बोसिओने दिवा घेऊन असली भुयारे धुंडाळण्यात आयुष्य घातले. एकदा तर तो आत वाट चुकला होता. १६२९ साली तो गेला, आणि ग्रंथ त्याच्या पश्चात, १६३२ हे साल छापून प्रसिद्ध झाला. खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ, दोन्ही हात वर करून प्रार्थना करणारी स्त्री, बायबलमधला माशाने गिळलेला संदेष्टा योना, ही चित्रे कल्पनेतून आलेली नसून भिंतींवरून उतरवलेली आहेत. सतराव्या शतकातील चित्रकारांनी त्यात बदल केले, काही ठिकाणी चुकीचेही वाचले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुरातत्त्वज्ञ योसेफ विल्पेर्टने या जुन्या प्रतिकृतींची तपासणी मूळ चित्रांशी ताडून केली. तरीही सिंहांपुढे टाकलेल्या हुतात्म्यांच्या नंतरच्या नाट्यमय चित्रांपेक्षा मला ही चित्रे अधिक विश्वासार्ह वाटतात, आणि आरंभीच्या ख्रिस्ती जगासाठी मी निःसंशय बोसिओच निवडेन. फक्त सुटे पान घेताना, ते कुणी ग्रंथ फाडून काढलेले आहे का, हे विक्रेत्याला जरूर विचारावे. एका चित्रासाठी अख्खा ग्रंथ मोडणे मला पटत नाही.

दोन्ही विषय एकाच चौकटीत हवे असतील, तर पिरानेसीने १७७६ मध्ये केलेले, उंचावरून पाहिलेले कोलोसियम शोधावे. त्याच्या लांबरुंद विस्तारात नजर मैदानाच्या कडेला नेली, की १७५० च्या सुमारास पोप चौदाव्या बेनेडिक्टने ख्रिस्ताच्या क्रूसमार्गासाठी (क्रूस वाहताना त्याने केलेल्या वाटचालीतले टप्पे आठवून प्रार्थना करण्यासाठी) उभारलेली छोटी देवळे ओळीने दिसतात, आणि मध्यभागी क्रूस.