नववीच्या मुलांना विचारायचं, की त्यांच्या फोनला?

शाळकरी मुलांचा सोशल मीडियाचा वापर हा विषय प्रबंधाला घेतलात की पहिलाच पेच पडतो: प्रश्नावली वाटायची, की फोनमधल्या वापराच्या नोंदीचे स्क्रीनशॉट मागायचे?

प्रश्नावली सोपी. एका तासिकेत अख्ख्या वर्गाचे कागद भरून हातात येतात. पण वर्गशिक्षक बाकांमधून फिरत असताना 'रात्री एकपर्यंत रील्स बघतो' असं कोण लिहील? खोटं बोलायचं नसलं तरी अंदाज चुकतोच. 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या संशोधन नियतकालिकात 2021 साली अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. त्यात लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदलेला वापर यांचा मेळ जेमतेमच बसला. तेव्हा तासांसाठी प्रश्नावलीवर भिस्त नको.

मग स्क्रीनशॉट? समजा, एक हातात आला. त्यात तासांचा आकडा आहे, ॲपची यादी आहे, आणि नेमकी त्याच क्षणी वरून उतरलेली व्हॉट्सॲपची पट्टीही आहे: वर्गातल्या दुसऱ्याच मुलीचं नाव आणि तिच्या घरातल्या भांडणाची एक ओळ. तिला कोणी विचारलं होतं? शिवाय अनेक घरांत फोन आईचा असतो. तिची मालिका, बाबांचं क्रिकेट आणि मुलाच्या रील्स, सगळं एकाच बेरजेत.

मी तासांसाठी फोनच निवडेन, पण स्क्रीनशॉट घेणार नाही. मुलाने स्वतः आकडे बघून कागदावर उतरवावेत आणि शेजारी 'हा फोन आणखी कोण वापरतं?' याचं उत्तर लिहावं. जे आपल्याकडे आलंच नाही, ते फुटण्याची भीती नाही.

काय बघून वाईट वाटलं, कोणी त्रास दिला, हे मात्र दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी मोजक्या मुलांशी निवांत बोलावं लागतं. तिथे 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती कळवावीच लागते. हे मुलाला बोलणं सुरू होण्याआधी, त्याला समजेल अशा शब्दांत सांगा. नंतर सांगणं म्हणजे विश्वासघात.

संमतीची वाट कोणत्याही पद्धतीत चुकत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे. 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलाचा स्वतःचा होकारही हवा: 7 ते 12 वयात तोंडी, त्यापुढे 18 पर्यंत लेखी. पालकांची सही आहे आणि मूल मान हलवून नको म्हणतंय, तर कागद तिथेच मिटवायचा.

आणि संमतीपत्रकं परत येतात ती बहुधा आधीच लक्ष ठेवणाऱ्या घरांतून. बाकीची दप्तरातच चुरगळतात. म्हणून किती वाटली आणि किती परत आली, हे दोन्ही आकडे प्रबंधात छापा.