१२ टोले, ४४ सेकंद: रंगमंचावरची मराठी ‘सिंड्रेला’

सिंड्रेलाचं कुठलंही नाटक पारखायचं असेल तर मध्यरात्रीचा प्रवेश पाहावा. गाणी गोड असतील, पडदे झकास रंगवलेले असतील, पण घड्याळात बारा वाजत असताना राजवाड्याच्या जिन्यावर काय घडतं त्यावरून मंडळाची तालीम कळते. गोव्यातल्या हौशी कलाकारांचं हे दोन अंकी संगीत बालनाट्य सध्या फोंडा, डिचोली, मडगाव असं फिरतं आहे. त्यातला हा प्रवेश इतका चोख बसलाय की सुरुवात तिथूनच करायला हवी.

दोन टोल्यांत ४ सेकंदांचं अंतर आहे. टोले १२, म्हणजे मधली अंतरं ११, म्हणजे एकूण ४४ सेकंद. तेवढ्यात सिंड्रेलाने राजपुत्राच्या हातातून हात सोडवायचा, ७ पायऱ्या उतरायच्या, चौथ्या पायरीवर एक बूट मागे ठेवायचा, विंगेच्या तोंडाशी रेशमी झगा उतरवायचा आणि बाराव्या टोल्याला ठिगळांच्या परकरात भोपळ्याशेजारी बसलेली दिसायची. झग्याच्या पाठीला दोन्ही कडांवर कापडी कड्या शिवल्या आहेत आणि त्यांतून एकच नायलॉनची दोरी ओवली आहे. दोरी ओढली की मानेपासून कमरेखालपर्यंत शिवण उघडते आणि झगा अंगावरून गळून पडतो. वेल्क्रोने हे काम सोपं झालं असतं, पण त्याचा चर्र आवाज केसांत लपवलेला माइक पकडतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. दोरीला धोका एकच: एखादी कडी पिळली तर ती मध्येच अडते. त्यासाठी मंडळाने टोले रेकॉर्ड केलेले वापरलेच नाहीत. डाव्या विंगेत खरी पितळी घंटा टांगली आहे आणि ती वाजवणाऱ्याला झग्याची दोरी समोर दिसते. दोरी अडली तर तो पुढचा टोला दीड-दोन सेकंद थोपवून धरतो. घंटेचा नाद रेंगाळत असतो, त्यामुळे खुर्चीतल्या माणसाला उशीर झाल्याचं कळतही नाही.

या नाटकाचं बरं आणि वाईट इथेच सापडतं. समोरचं बघून थांबणारा, सावरून घेणारा माणूस जिथे जिथे आहे तिथे हा प्रयोग उत्तम होतो. जिथे सगळं यंत्राच्या हवाली केलंय तिथे घसरतो.

गोष्ट शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या फ्रेंच कथेवरून घेतली आहे, ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन संग्रहावरून नव्हे. लहान मुलांना नेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, कारण ग्रिमकडे बूट बसावा म्हणून एक बहीण पायाचं बोट कापते आणि दुसरी टाच. तिथे परी नाही, भोपळाही नाही, बूट सोन्याचा. पेरोकडे काचेचा बूट, भोपळ्याची बग्गी, ६ उंदरांचे घोडे, एका घुशीचा गाडीवान आणि ६ सरड्यांचे नोकर. नाटकात हे सगळे आहेत. पेरोच्या दोन रात्रींच्या नाचाची मात्र एकच रात्र केली आहे, आणि ते योग्यच झालं.

संहिता लिहिणाऱ्याने मूळ कथा नीट वाचली आहे. पेरोची परी ही सिंड्रेलाची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता असते. मराठीत तिच्यासाठी रोजच्या वापरातला शब्द नाही म्हणून ती नुसती ‘परी’ होऊन बसते. गोव्यात शेजारच्या किरिस्तांव घरातून कानावर पडणारा ‘मादीन’ हा शब्द आयता होता, आणि इथे तोच घेतलाय. सिंड्रेला तिला ‘मादीन’ म्हणून हाक मारते आणि प्रेक्षागृहात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. टोपणनावाचंही तसंच. मूळ कथेत घरात सर्रास वापरलं जाणारं नाव ओंगळ आहे आणि ‘सिंड्रेला’ हे धाकटीने दिलेलं, त्यामानाने सौम्य. इथे थोरली ‘ए राखुंडे’ म्हणून ओरडते, धाकटी नुसतं ‘राखू’ म्हणते. आजच्या मुलांनी राखुंडीने दात घासलेले नाहीत, त्यामुळे या जागी हशा येतो तो आजी-आजोबांचा.

बग्गीचं काम देखणं आहे. वेताच्या ८ कांबी छत्रीसारख्या मधल्या दांड्याला जोडल्या आहेत, वरून केशरी कापड. मिटलेली असते तेव्हा कमरेएवढा भोपळा, दांडा वर सरकवला की दोघांना बसता येईल अशी बग्गी. खाली सायकलची लहान चाकं. आतल्या दिव्यांची माळ १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे मागे वायर ओढत न्यावी लागत नाही. भोपळ्यात बसून रानातून जाणारी म्हातारी मराठी मुलांच्या ओळखीची असते, तेव्हा भोपळ्याची गाडी होणं त्यांना मुळीच विचित्र वाटत नाही. त्यांना विचित्र वाटतात ते सरडे, आणि त्यांच्यासाठी सबंध नाटकातली सर्वांत चांगली कल्पना राखून ठेवली आहे. ते घुमटाच्या, म्हणजे गोव्याच्या मातीच्या चर्मवाद्याच्या, तालावर येतात. घुमटाच्या तोंडावर परंपरेने घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं आणि आता बकऱ्याचं कातडं लावतात. ज्या वाद्याने सरड्यांच्या या थोराड भावंडाचं कातडं इतकी वर्षं वागवलं, त्याच्यावरच सरड्यांनी नाचत यावं, हे सुचलं त्याला खरंच दाद द्यायला हवी.

एकूण ११ गाणी आहेत. त्यांतली ८ जागेवर वाजतात: पायपेटी ऑर्गन, तबला, व्हायोलिन आणि घुमट-शामेळची जोडी (शामेळ म्हणजे घुमटाच्या साथीचं तालवाद्य). राजवाड्यातल्या नाचाला ऐकू येतो तो मांडो. मांडो ही गोव्याच्या दिवाणखान्यातल्या नाचाची चाल, समोरासमोर दोन रांगा, बायकांच्या हातात पंखे, आणि सहाचा संथ ठेका. तबलजी त्यावर दादरा धरतो, ६ मात्रांचा, ३-३ असा तुटणारा, आणि दोन्ही कसे सांध्याला सांधा जुळून बसतात. राजपुत्र सिंड्रेलाला पहिल्यांदा बघतो तेव्हा लय वाढते, दुलपदाच्या, म्हणजे मांडोला जोडून येणाऱ्या जलद गाण्याच्या, अंगाने घुमट पुढे येतो आणि व्हायोलिन वरच्या सप्तकात जातं. साडेपाच मिनिटांचा हा नाच संपूच नये असं वाटतं. गीतांचे शब्दही बहुतेक ठिकाणी स्वच्छ आहेत. वरच्या सुरांवर ‘आ’कार आणि ‘ए’कार ठेवले आहेत, त्यामुळे कोवळे गळे चिरकत नाहीत. राजपुत्राच्या एकट्याच्या गाण्यात मात्र ऱ्हस्व अक्षरं ताणली गेली आहेत. ‘मन’चं ‘मऽऽन’ होतं आणि पहिल्यांदा ऐकताना शब्द कळत नाही.

सावत्र आईचं ‘माझ्या मुलींचे पाय’ हे गाणं भैरवीच्या वळणाने जातं. ती भूमिका करणाऱ्या बाई जुन्या संगीत नाटकाच्या तयारीच्या आहेत. मडगावच्या प्रयोगात त्यांना वन्स मोअर मिळाला, ऑर्गनवाल्याने क्षणभर बघितलं आणि शेवटचं कडवं पुन्हा उचललं. गोव्याच्या मराठी प्रेक्षकाचा हा जुना हक्क आहे, आणि तो मुलांच्या नाटकात मुलांसमोर बजावला जातोय हे बघून फार बरं वाटलं.

उरलेली ३ गाणी ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या संगीतावर आहेत: सुरुवातीचं, रूपांतराचं आणि शेवटचं. नेमकी हीच तीन, जिथे मंचावर सर्वांत जास्त माणसं आणि सर्वांत जास्त हालचाल असते. ट्रॅकची लय ठरलेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या की गाण्याची पहिली ओळ बुडते, आणि मंचावरच्या १४ मुलांपैकी मागच्या रांगेला ठेका ऐकू येत नाही, कारण मंचाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर एकच आहे आणि तोही पुढे. चौथ्या ओळीपासून मागची रांग अर्धी मात्रा मागे पडते. रूपांतराच्या गाण्यात त्याची किंमत मोजावी लागते. ठिगळांच्या परकराखाली, कमरेशी गुंडाळून ठेवलेला घेर सोडला की तोच झग्याचा खालचा भाग होतो. युक्ती जुनी आणि भरवशाची. पण एका बाजूचा हूक अडला, दोन सेकंद गेले, ट्रॅक थांबला नाही, आणि बग्गी उघडली ती संगीताचा कळस होऊन गेल्यावर. हाच घोटाळा घंटेच्या प्रवेशात लपून जातो, इथे उघडा पडतो. एवढं एक गाणं जरी ऑर्गनवर घेतलं तरी पहिला अंक दुप्पट चढेल. कळसाआधी ४ मात्रांची एक ओळ फिरती ठेवायची आणि बग्गीवाल्याने हात वर केला की पुढे जायचं, एवढंच करायचं आहे.

ध्वनीत आणखी एक दोष. सिंड्रेलाचा माइक केसांच्या रेषेत लपवलाय. डोक्यावरचा फडका निघतो तेव्हा कापड त्याच्यावर घासतं आणि मोठी खरखर होते. फडका कुठल्या ओळीला निघतो हे ठरलेलं आहे, तेव्हा मिक्सरवर बसणाऱ्याने त्या ओळीला ३ सेकंद तिचा आवाज खाली घ्यावा. चामड्याच्या वाद्यांचीही काळजी घ्यायला हवी. दमट हवेत लावलेला तबला वातानुकूलित सभागृहात पाऊण तासात कोरडा होऊन चढतो, ऑर्गनचा सूर जागचा हलत नाही. मध्यंतरात तबला पुन्हा लावला जातो, घुमट तसाच राहतो, आणि दुसऱ्या अंकात तो कर्कश वाटतो.

बुटांचे तीन प्रकार केले आहेत आणि ते शहाणपणाचं आहे. नाचायचा जोड आतून साधा कापडी, वर पारदर्शक प्लॅस्टिक, टाच सपाट. टाच उंच असती तर एका बुटाने जिना उतरताना मुलगी लंगडली असती. पायरीवर राहतो तो अ‍ॅक्रिलिकचा, प्रकाशात खरोखर काचेसारखा चमकणारा. तिसरा शेवटी पायात घालून बघण्यासाठी, मागून कापलेला, कुणाच्याही पायात जाईल असा. फक्त पायरीवर पडतो तो डावा, आणि शेवटी घालतात उजव्या पायात. मुलांच्या हे लगेच लक्षात येतं. डिचोलीला तिसऱ्या रांगेतून एक चिमुरडा आवाज मोठ्याने म्हणाला, ‘दुसरा पाय!’ दुरुस्ती पाच मिनिटांची आहे.

दुसरा अंक बूट घालून बघण्याच्या प्रवेशात रेंगाळतो. १८ मिनिटं, गावागावांची नावं घेत दवंडीवाल्याचे विनोद, आणि त्या वेळात मुलं उठून फिरू लागतात. १० मिनिटं पुरेत. राजपुत्राला गाण्यापलीकडे काही करायला दिलेलं नाही. दोघी बहिणी मात्र उत्तम, आणि शेवटी सिंड्रेला त्यांना क्षमा करते तेव्हा धाकटी जे गप्प उभी राहते ते पाहण्यासारखं आहे.

आता नेणाऱ्यांसाठी. पहिला अंक ६५ मिनिटं, मध्यंतर १५, दुसरा ५०. साडेसहाला वेळेवर सुरू झालं तरी सुटायला पावणेनऊ होतात आणि त्यानंतर गावाकडची बस मिळणं कठीण, तेव्हा परतीची सोय आधी करावी. ५ वर्षांखालच्या मुलांना बाराव्या टोल्यानंतरचा ३ सेकंदांचा मिट्ट काळोख घाबरवतो, आधी सांगून ठेवलं तर बरं. पुढच्या ३ रांगांत धूर उतरतो, दम्याचा त्रास असलेल्यांनी मागे बसावं. तिकिटं ३०० आणि २०० रुपयांची आहेत. २०० ची घ्या, आठवी ते बारावी रांग, मधल्या खुर्च्या. प्रेक्षकांच्या उजव्या टोकाच्या खुर्च्या टाळाव्यात, तिथून डाव्या विंगेतली घंटाही दिसते आणि गळून पडणारा झगाही.

जत्रेत किंवा शाळेच्या पटांगणात प्रयोग ठेवणाऱ्यांनी मंच निदान २४ बाय १८ फुटांचा बांधावा. उघडलेली बग्गी साडेपाच फूट रुंद आहे, म्हणून एका बाजूची विंग ६ फूट मोकळी हवी. उघड्यावर धूर वाऱ्याने उडतो, त्याचा आग्रह धरू नये. मंडपाला आडवं लाकूड नसेल तर मंडळ घंटा टांगू शकत नाही आणि नाइलाजाने टोले रेकॉर्डवर वाजवतं, तेव्हा डाव्या विंगेत दोन बल्ल्या रोवून वर एक वासा बांधून ठेवा, जमिनीपासून ७ फुटांवर.